पाव्हण्यांचे नूडल्स

'हक्का' या शब्दाचा अर्थ पाहुणे. शब्दाला शब्द लावायचा तर 'पाहुणी कुटुंबं'. चीनच्या उत्तरेकडून काही शतकांत टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकत आलेल्या लोकांना तिथल्या आधीच्या रहिवाशांनी हे नाव दिलं. मग पिढ्या गेल्या, घरं झाली, शेतं झाली, तरी नाव पाहुण्यांचंच राहिलं.

हे मला सांगितलं छंग्दूच्या एका सहकारी मुलीने. आमच्या प्रोजेक्टचं टेस्टिंग तिची टीम बघते. एका कंटाळवाण्या रिलीजच्या रात्री मी तिला गावाकडच्या चायनीजच्या गाडीच्या मेनूचा फोटो पाठवला आणि खाली एकेका पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहून दिलं. 'मंचुरियन'पाशी ती अडली. मांचुरिया हा तिच्या देशाचा ईशान्य कोपरा, पण तिथे असा काही पदार्थ तिने कधी ऐकला नव्हता. 'ट्रिपल शेजवान' वाचून तिने हसण्याचे आठ इमोजी पाठवले, कारण शेजवान म्हणजे सिचुआन, आणि सिचुआन म्हणजे तिचाच प्रांत. 'अमेरिकन चॉप्सी' बघून विचारलं, चायनीजच्या गाडीवर अमेरिका काय करतेय? अख्ख्या बोर्डावर तिला ओळखीचा वाटलेला शब्द एकच, हक्का. तो कुठल्या पदार्थाचा नाहीच, माणसांचा आहे.

मी कराडच्या पुढच्या, कृष्णाकाठच्या एका गावचा. इंजिनिअरिंग सांगलीत. आमच्या या पट्ट्यात अनोळखी माणसाला हाक मारायची तर 'पाव्हणं' म्हणतात. एसटीत सरकून बसा म्हणायचं असो, रस्ता विचारायचा असो की भांडण काढायचं असो, सुरुवात 'ओ पाव्हणं'नेच. त्यामुळे 'हक्का नूडल्स'चं मराठी भाषांतर मला करावंच लागलं नाही. पाव्हण्यांचे नूडल्स.

पण मग एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. नूडल्स आले, सॉस आला, आणि आज आमच्या तालुक्यात वडापाव मिळत नाही तिथेही मंचुरियन मिळतं. हे सगळं घेऊन आलेले पाव्हणे गेले कुठे?

सांगलीतली आमची गाडी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होती. लाल पडदा, त्यावर पिवळा ड्रॅगन, ड्रॅगनच्या बरोबर वर लिंबू-मिरची आणि आत खंडोबाचा फोटो. संध्याकाळी सात वाजता भट्टी पेटली की विमान उडाल्यासारखा आवाज यायचा, आणि मग कढईवर झाऱ्याचा टण-टण-टण. हा आवाज हीच जाहिरात. हॉस्टेलच्या मेसमध्ये गुरुवारी साबुदाण्याची खिचडी असायची, म्हणून गुरुवारी गाडीवर गर्दी जास्त. हाफ व्हेज नूडल्समध्ये दोघं, वर फुकटचा कोबी आणि शेजवान चटणी मागून घ्यायची. एकाच प्लेटमध्ये माळकरी घरातला, मुसलमान आणि जैन अशी तीन पोरं काटे घालताना मी पहिल्यांदा पाहिली ती या गाडीवर. घरी प्रत्येकाचं स्वयंपाकघर वेगळं, नियम वेगळे. मंचुरियनला मात्र कुठल्याच घराचा नियम लागू नव्हता, कारण ते कुणाच्याच घरचं नव्हतं.

ही चटणी हा खरा मुद्दा आहे. साताऱ्या-सांगलीच्या माणसाला चायनीज इतकं चटकन का आवडलं, याचं उत्तर मला त्या चटणीत दिसतं. लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, तेल. आमच्याकडे प्रत्येक घरात कांदा-लसूण मसाल्याची बरणी असते. त्यावर तेल ओतून भाकरीबरोबर खातच आम्ही मोठे झालो. शेजवान चटणी आली तेव्हा जिभेला नवीन काही शिकावंच लागलं नाही. गाडीवाले ती करतात तीही ब्याडगी मिरचीची, रंगासाठी. चायनीज भेळ हा तर सरळ आपलाच कारभार आहे. ज्या सांगलीत भडंग जन्माला येतो, तिथे तळलेल्या कुरकुरीत नूडल्सवर कांदा, कोबी आणि लाल चटणी टाकून कागदात देणं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

गंमत म्हणजे मिरची त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या किनाऱ्यावर पोचली. सिचुआनच्या रोजच्या जेवणात ती रुजायला आणखी दीड-दोनशे वर्षं गेली. सिचुआनची जुनी ओळख वेगळीच आहे. तिथे एका झाडाची फळं वापरतात, ज्यांनी जिभेला मुंग्या येतात. तिथल्या चवीला 'माला' म्हणतात. 'मा' म्हणजे बधिर करणारं, 'ला' म्हणजे तिखट. आपल्या शेजवानमध्ये 'ला' आहे, 'मा'चा पत्ता नाही. आणि ही 'मा' तर आपल्या शेजारीच आहे! कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात की बांगड्याच्या आमटीत जी तिरफळं घालतात, ती त्याच कुळातली. सिचुआनची मिरी आणि कोकणातलं तिरफळ, वनस्पतिशास्त्राच्या वहीत दोघांचं आडनाव एकच, झँथोझायलम. माझ्या सहकारी मुलीला मी तिरफळाचं वर्णन केलं तर ती म्हणाली, हे तर आमच्या घरातलं आहे. तिला कांदा-लसूण मसाला समजावताना मला जेवढा वेळ लागला, त्याच्या पाव वेळात तिला तिरफळ कळलं.

तिच्याशी बोलून एक गोष्ट लक्षात आली. चिनी जेवण म्हणजे काय, हे गाडीवरून कळत नाही, पण आमच्या आजीच्या ताटावरून कळतं. त्यांच्याकडे जेवणाचे दोन भाग मानतात. 'फान' म्हणजे धान्य, मुख्यतः भात, उत्तरेत गव्हाचे पाव आणि शेवया. आणि 'त्साय' म्हणजे त्याच्याबरोबरचं बाकी सगळं. पोट भरायचं फानने, त्साय चवीपुरतं. आमच्याकडे भाकरी आणि कोरड्यास. आजी विचारायची, "आज कोरड्यास काय केलंय गं?" म्हणजे भाकरी गृहीतच, प्रश्न फक्त तिच्या सोबत्याचा. चीनमध्ये जुनी माणसं भेटल्यावर 'भात खाल्ला का?' असं विचारतात, आणि आमच्याकडे दुपारी एकच्या पुढे कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "जेवलास का रं?" दोन्हीकडे दुष्काळाची आठवण आहे, असा माझा अंदाज.

आणि ती मोठी जाळावरची झटपट परतणी? सगळं बारीक आणि एकसारखं चिरायचं, कढई लालभडक तापवायची, दोन मिनिटांत उतरवायचं. पूर्वी जळण जपून वापरावं लागे, त्याला ही पद्धत सोयीची. कँटनचे लोक त्या कढईच्या धुरकट वासाला 'कढईचा श्वास' म्हणतात. सांगलीच्या गाडीवर सॉस कुठल्या का कंपनीचा असेना, हा श्वास मात्र अस्सल असतो. घरी आई तेच सगळं साहित्य घेऊन गॅसवर करते, आणि कोबीची भाजी होते.

अठराव्या शतकात युआन मेइ नावाचा एक चिनी कवी होऊन गेला. १७९२ मध्ये त्याचं स्वयंपाकावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात त्याने दोन प्रकारच्या खाण्याची टिंगल केली आहे, कानाने खाणं आणि डोळ्यांनी खाणं. पदार्थाच्या भारी नावासाठी खाणं म्हणजे कानाने खाणं, आणि टेबल भरलेलं दिसावं म्हणून मागवणं म्हणजे डोळ्यांनी. रील्स नव्हत्या तेव्हाची गोष्ट.

आता पाव्हण्यांकडे येतो.

भारतात चिनी माणूस जेवण विकायला आलाच नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग आच्यू नावाच्या माणसाला वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याजवळ बजबजच्या बाजूला जमीन दिली, आणि त्याने तिथे ऊस लावून साखर करायला चिनी मजूर आणले. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. ऊस आणि साखर! साताऱ्या-सांगलीच्या माणसाला या पाव्हण्याशी नातं सांगायला आणखी काय पाहिजे? पुढे कलकत्त्यात कँटनचे सुतार आले, हुबेचे दात बसवणारे आले, आणि हक्का आले ते चामड्यात शिरले. टांग्र्याच्या दलदलीच्या भागात त्यांनी कातडी कमवायचे कारखाने काढले. इथल्या वरच्या जातींनी शिवायचंही नाकारलेलं, आणि म्हणून ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलेलं ते काम. पाहुण्यांना जात नव्हती, म्हणून ते त्यांना करता आलं. कामगारांसाठी शिजवता शिजवता खाणावळी झाल्या, खाणावळींची हॉटेलं झाली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने कारखाने शहराबाहेर हलवावे लागले, आणि टांग्रा हे नाव चामड्यापेक्षा चिली चिकनसाठी जास्त ओळखलं जाऊ लागलं.

मुंबईत ताज हॉटेलने १९७३ मध्ये 'गोल्डन ड्रॅगन' काढून श्रीमंतांना सिचुआनची चव दाखवली. कलकत्त्यातच जन्मलेले नेल्सन वांग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकाने काहीतरी वेगळं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली फोडणी घेतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला, आणि चिकन मंचुरियन झालं, अशी गोष्ट सांगतात. फ्लॉवर मंचुरियन, कोबी मंचुरियन ही त्याची पुढची पिढी. तिथून मुंबईच्या गाड्यांवर, आणि मुंबईत हमाली-मजुरी करून गावी परतणाऱ्या सातारकरांच्या बरोबर हायवेने खाली. आमच्या गावात पहिली गाडी टाकणारा माणूस वाशीच्या एका हॉटेलात भांडी घासून आला होता.

पण मधे १९६२ आलं. युद्ध महिनाभर चाललं, आणि सरकारने चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. म्हातारे, बायका, शाळेत जाणारी पोरं. यातले बरेच जण भारतातच जन्मलेले. कुणावर हेरगिरीचा खटला चालला नाही. काहींना तिथे काही वर्षं काढावी लागली. सुटले तेव्हा घरं-दुकानं गेलेली. त्यानंतर अनेकांनी देश सोडला, आणि आज कॅनडात टोरोंटोला 'हक्का चायनीज' नावाची हॉटेलं आहेत, जिथे चिली चिकन आणि मंचुरियन मिळतं. पाहुणे दोनदा पाहुणे झाले आणि जाताना आपलं मंचुरियन घेऊन गेले. आपल्याकडे मात्र ते शाळेच्या पुस्तकात नाहीत. मी बारावीपर्यंत १९६२ वर चार ओळी पाठ केल्या, देवळी हे नाव त्यात नव्हतं.

हे कलकत्त्याचं झालं. साताऱ्याला चिनी माणूस कधी आला असेल? त्याचं उत्तर आमच्या नदीच्या उगमापाशीच आहे.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाई, माहुली, कराड करत सांगलीला येते. त्या महाबळेश्वरात एक धबधबा आहे, त्याचं नाव चायनामन फॉल्स. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा गाईडने नाव सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी डोळे बारीक करून फोटो काढले. नावामागची गोष्ट कुणी सांगितली नाही. ती जुन्या सातारा गॅझेटिअरमध्ये आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेऊन थंड हवेचं ठिकाण वसवलं, आणि तिथे एक तुरुंग बांधला. त्यात सुमारे १२० चिनी आणि मलायी कैदी ठेवले. सिंगापूर, पेनांगकडच्या ब्रिटिश वसाहतीत शिक्षा झालेली, समुद्र ओलांडून इथे पाठवलेली ही माणसं. साहेबांना वर बंगले हवे होते, तर रस्ते कोणी करायचे? यांनी. आणि साहेबांच्या टेबलावर भाजी कुठून यायची? यांच्याच मळ्यांतून. बटाटा भारतात त्यांनी आणलेला नाही, तो आधीच आला होता. पण महाबळेश्वरच्या लाल मातीत बटाटा आणि विलायती भाज्या नीट कशा काढायच्या, हे आसपासच्या लोकांनी या कैद्यांकडून घेतलं. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. ज्या भागात त्यांचे मळे होते, तिथल्या धबधब्याला त्यांचं नाव राहिलं. नाव म्हणजे काय, 'चिनी माणूस' एवढंच. कुठला, कुणाचा कोण, काय गुन्हा केला, गावी कोण वाट बघत होतं, काही नाही.

मला या लोकांबद्दल एक प्रश्न छळतो. ते स्वतः काय जेवत असतील? पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या त्या तुरुंगात, भाताला सोबत काय असेल? सोया सॉस तर नसणारच. कोबी असेल, मीठ असेल, तर त्यांनी तो मडक्यात आंबवला असेल का? एखाद्याला पोलादपूरच्या बाजूने आलेलं तिरफळ हाताला लागलं असेल, आणि चावल्यावर जीभ बधिर झाल्यावर तो तिथेच थांबला असेल? हे सगळं माझ्या मनाचं आहे. पण महाबळेश्वरला गेलो की मॅप्रोच्या रांगेत उभं राहून हेच डोक्यात येतं.

सांगलीच्या आमच्या गाडीवरचा आचारी नेपाळचा होता. गिऱ्हाइकं त्याला 'बहादूर' म्हणायची. नाव वेगळं होतं. त्याने चीन पाहिलेला नव्हता, कलकत्ताही नाही. कढई शिकला पुण्यात. रात्री अकराला भट्टी बंद व्हायच्या आधी तो त्याच कढईत स्वतःसाठी डाळ टाकायचा, भात बाजूच्या कुकरमध्ये. "नूडल नहीं खाते?" तर म्हणायचा, "वो तो काम है." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात घुसलं, आठवडाभर आयर्विन पुलाच्या पातळीवर सगळ्या सांगलीचे डोळे होते. पाणी ओसरलं तेव्हा गाडी दोन चौक पुढे एका भिंतीला टेकून आडवी पडलेली सापडली. मालकाने ती दिवाळीला पुन्हा उभी केली. आचारी नवा होता, बिहारचा. चव साधारण तीच.

मग २०२० च्या जूनमध्ये गलवान झालं, वीस जवान गेले. ज्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत तिथे लोकांचा संताप समजण्यासारखा होता. त्या आठवड्यात केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला असं म्हटलं. आठवले मूळचे सांगली जिल्ह्यातल्याच आगळगावचे, त्यामुळे आमच्याकडे त्याची चर्चा जरा जास्त झाली. तालुक्याच्या गावी एका गाडीवाल्याने 'चायनीज' शब्दावर कागद चिकटवून वर 'फास्ट फूड' लिहिलं. मेनू तोच, ड्रॅगनही तोच. त्याच्या गाडीवर चिनी काय होतं म्हणाल, तर फार तर कोबी चिरायची पद्धत. सॉस भारतातला, मिरची कर्नाटकातली, कोंबडी शेजारच्या पोल्ट्रीतली. अजिनोमोटो तर जपानी. १९०८ मध्ये तोक्योतल्या एका प्राध्यापकाने समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. आई त्याला अजून विष म्हणते.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला होता. लॉकडाऊनमध्ये काम गेलं, गावी आला. वाट्याला दीड एकर, त्यात सोयाबीन. सोयाबीन हे मूळ चीनचंच पीक, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग भावबी तिकडंच गेला वाटतं." २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि व्यापारी त्याखाली बोलत होते. आमच्या शिवारातलं सोयाबीन तेलाच्या मिलला जातं, पेंड पोल्ट्रीला जाते, आणि कोंबडी लॉलीपॉप होऊन परत येते. त्या साखळीत पैसा कुठे मिळतो हे दादाने बरोबर ओळखलं. २०२१ मध्येच हायवेच्या सर्व्हिस रोडला गाडी टाकली.

चुलते वर्षभर त्या रस्त्याने गेले नाहीत. पाटलाचं पोर कढई हलवतंय, लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत, लोक पार्सल घेऊन गेले. अडलं ते लग्नाला. बायोडेटात आधी 'चायनीज सेंटर' लिहिलं होतं. तीन स्थळं फोनवरच थांबली. मग 'स्वतःचा फूड व्यवसाय' केलं. मी लिहिलेला कोड कुठल्या देशात कशासाठी चालतो हे मलाही धड सांगता येत नाही, पण माझ्या बायोडेटाला कुणी हरकत घेत नाही. दादा महिन्याला काय कमावतो ते मला माहीत आहे, आणि मुलीकडचे ते विचारायच्या आधीच फोन ठेवतात. चुलते आता येतात, रात्री नऊनंतर, अंधारात बाजूच्या खुर्चीवर बसतात आणि मंचाव सूप पितात. त्याला ते 'चायनीज कट' म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात मी चिपळूणहून पावशेर तिरफळं आणली आणि दादाच्या मागे लागलो. बिया काढायच्या, साल तेवढी भाजून कुटायची, हे छंग्दूवरून विचारून घेतलेलं. त्याने एका लहान डब्यातली शेजवान चटणी वेगळी केली, त्यात चमचाभर पूड टाकली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून दोन ट्रकवाल्यांना काही न सांगता वाढली. पहिल्या घासाला काही नाही. दुसऱ्याला त्यातला एक थांबला, ओठांवर बोट फिरवलं, जीभ बाहेर काढून बघायचा प्रयत्न केला.

"ओ पाव्हणं," तो दादाला म्हणाला, "चटणीत करंट सोडलाय का काय?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी प्लास्टिकच्या खुर्चीत हसू दाबत बसलो होतो. ट्रकवाल्याने पाण्याचा ग्लास अर्धा केला, पुन्हा प्लेटकडे वळला आणि म्हणाला, "जरा अजून टाका."